डोंगरातली गावं आणि शहरातल्या गजबजलेल्या वस्त्या एकाच प्रवासात: आखणी कुठे चुकते?

दोनटोकं (प्रश्न)

नऊ रात्रींचा प्रवास आखतेय. साधारण अर्धे दिवस डोंगरातल्या गावांत आणि अर्धे एका मोठ्या शहराच्या जुन्या, गजबजलेल्या वस्त्यांत. आम्ही चौघं: दोघं मोठी, ११ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई सपाटीवर तासभर आरामात चालतात, चढही सावकाश चढतात, पण उतारावर गुडघे दुखतात.

देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोन पर्यायांत अजून ठरत नाहीये. एका ठिकाणची गावं १२०० ते १६०० मीटर उंचीवर आहेत, दुसऱ्या ठिकाणची ३००० च्या वर. त्यामुळे "कुठे जावं" यापेक्षा "आखावं कसं" हे हवं आहे.

आत्ताचा कच्चा आराखडा असा: पोचल्यावर शहरात १ रात्र, मग चार गावांत चार रात्री, मग परत शहरात ४ रात्री आणि रोज तीन वस्त्या. चार गावं जास्त होतात का? गाव निवडताना फोटोंपलीकडे काय बघायचं? शहरात राहायला गजबजाटातच जागा घ्यावी की थोडं बाहेर? आणि चौघांचं सामान डोंगरात कसं न्यायचं? एवढं कुणी नीट सांगितलं तर बाकीचं जमवता येईल.

कंटूर

चार गावं चार रात्री नको, हे आधी. डोंगरात एक मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधणं, खोली सोडणं, बसची वाट बघणं, घाट, नवीन खोली मिळेपर्यंत थांबणं हे सगळं धरून पाच-सहा तास जातात. नकाशावर अंतर ३० किलोमीटर दिसलं तरी घाटरस्त्यावर सरासरी वेग ताशी २० ते ३० किलोमीटरच पडतो, आणि मध्ये बस बदलायची असेल तर एक बस चुकली की पुढची दोन तासांनी. रोज हललात तर प्रत्येक गावात तुम्ही दुपारी पोचाल आणि सकाळी निघाल. डोंगरात दुपार ही दिवसातली सगळ्यात वाईट वेळ आणि सकाळ सगळ्यात चांगली. म्हणजे चारही गावांची चांगली वेळ तुम्ही बसमध्ये काढणार.

दुपार वाईट का ते सांगतो. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात, दरीतली हवा उतारावरून वर सरकते, वर जाऊन थंड होते आणि ढग धरतात. उन्हाळ्यात अकरा-बाराला शिखरांवर कापूस जमायला लागतो, दोन-तीननंतर गडगडाट. रात्री उलट होतं, थंड हवा खाली उतरते आणि पहाटे वरचं आकाश स्वच्छ असतं. त्यामुळे शिखरं बघायची तर सकाळी सहा ते दहा. ही वेळ ज्याचा मुक्काम गावातच आहे त्यालाच मिळते. दिवसाच्या सहलीवर येणारा माणूस अकराला उतरतो, ढग बघतो आणि चारला परत जातो. म्हणून दोन गावं, प्रत्येकी दोन रात्री. बाकीची दोन तिथूनच दिवसा बघता येत असतील तर बघा, नाहीतर सोडा.

आता गाव कसं निवडायचं. फोटोवरून गाव किती उभं आहे ते कळत नाही. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडा (फोनवरच्या बहुतेक पायी फिरण्याच्या नकाशांत असतात) आणि बसथांबा किंवा स्टेशन ते तुमची खोली यांच्यामधल्या रेषा मोजा. दोन रेषांमधलं अंतर १० किंवा २० मीटर असतं, नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. खोलीच्या जाहिरातीत "थांब्यापासून ४०० मीटर" असेल आणि मध्ये २० मीटरच्या सहा रेषा असतील, तर ती १२० मीटरची चढण झाली, म्हणजे ४० मजले. सामान घेऊन. आणि सासूबाईंना बाहेर पडताना रोज तोच ४० मजल्यांचा उतार. हा एक तपास केलात तर निम्मी गावं आपोआप गळतील.

दुसरं म्हणजे गाव दरीच्या तळाशी आहे, की मधल्या उतारावरच्या सपाटीवर? तळाचं गाव पोचायला सोपं, पण रात्रीची थंड हवा तिथेच साचते, सकाळचं धुकंही तिथेच बसतं आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे ऊन उशिरा येऊन लवकर जातं. मधल्या उतारावरचं गाव पहाटे बऱ्याचदा तळापेक्षा उबदार निघतं आणि धुक्याच्या वर असतं. तिसरं, उताराचं तोंड कुठे? उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन जास्त मिळतं, दक्षिण गोलार्धात उलट. हिवाळ्यात जाणार असाल तर हे फारच महत्त्वाचं. नॉर्वेतल्या र्युकान या गावात डोंगराच्या सावलीमुळे सप्टेंबरअखेरीपासून मार्चपर्यंत थेट ऊनच पडत नाही. २०१३ साली त्यांनी डोंगरावर मोठे फिरते आरसे बसवून चौकात ऊन आणलं. इटलीतल्या विगानेल्लाने तसा आरसा २००६ मध्येच लावला होता. तुमचं गाव इतक्या टोकाचं नसेल, पण डिसेंबरात दुपारी दोनलाच सावलीत जाणारी गावं पुष्कळ आहेत आणि त्यांचे जाहिरातीतले फोटो सगळे जूनमधले असतात.

शेवटचा टप्पा कसा आहे तेही आधी बघा. काही गावांत बाहेरच्या गाड्या जातच नाहीत. स्वित्झर्लंडच्या झरमाटला जायचं तर गाडी खालच्या तेश या गावी ठेवून रेल्वेने वर जावं लागतं. म्युरेनला केबल कार किंवा रेल्वे. अशा गावांत शांतता सुरेख असते, पण शेवटची केबल कार चुकली तर वर जायचा साधा मार्ग उरत नाही. वेळापत्रक घेताना तुमच्या तारखेचं घ्या. शाळेच्या दिवसांचं, सुट्टीच्या दिवसांचं आणि हंगामाबाहेरचं अशी तीन वेगळी पत्रकं असू शकतात. आल्प्समध्ये तर हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधल्या काळात, म्हणजे साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबरात, अनेक केबल कार देखभालीसाठी पूर्ण बंद असतात. "हंगामाबाहेर स्वस्त" म्हणून गेलेल्यांची फसगत इथेच होते.

चालण्याचा वेळ काढायचा हिशोब सोपा आहे. १८९२ साली नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला नियम अजून वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाईला एक तास. समजा वाट ६ किलोमीटरची आणि चढ ४५० मीटर. १ तास १२ मिनिटं अधिक ४५ मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन तास. हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा वेळ. लहान मुलगी आणि ज्येष्ठ सोबत असताना याला दीडने गुणा, तीन तास धरा. परतीची शेवटची बस पाचची असेल तर त्या गणिताने उलटं मोजत निघायची वेळ ठरवा, आणि शेवटच्या बसवर कधीच बेत आखू नका, शेवटून दुसरीवर आखा.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी: चढ पायी, उतार केबल कारने. बहुतेक लोक बरोबर उलटं करतात, वर केबल कारने जाऊन "आता काय उतारच आहे" म्हणून चालत खाली येतात. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराचा भार आपटतो, चढताना दमतं ते फुप्फुस आणि मांडी. दोन काठ्या घ्या. सपाटीवर उभं राहून कोपर काटकोनात येईल एवढी लांबी, उतारावर ५ ते १० सेंटिमीटर वाढवायची. फरसबंदीवर काठीला रबरी टोपी हवी, नाहीतर टोक घसरतं.

प्राणवायू

उंचीबद्दल वेगळं लिहिते, कारण तुमच्या दोन पर्यायांतला खरा फरक तोच आहे. १६०० मीटरपर्यंत उंचीचा त्रास सहसा होत नाही. २५०० च्या वर मुक्काम असेल तर विचार करावा लागतो आणि ३००० च्या वर आराखडाच वेगळा लागतो. ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण तेच असतं, पण प्रत्येक श्वासात मिळतो कमी.

नियम झोपण्याच्या उंचीचा आहे, दिवसा कुठवर चढलात त्याचा नाही. ३००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीपासून पुढच्या रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. नऊ रात्रींत हे बसवायचं तर डोंगरातले निम्मे दिवस शरीर जुळवून घेण्यातच जातात. विमानाने थेट ३५०० मीटरवर उतरणार असाल तर पहिले ४८ तास काहीही न करण्याचे धरा. चढण नाही, दगदग नाही, दारू नाही, झोपेची गोळी नाही.

त्रास पोचल्या पोचल्या होत नाही, ६ ते १२ तासांनी सुरू होतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी सगळे खुशीत असतात आणि दुसऱ्या दिवशी वर जायचं ठरवतात. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक नसणं, गळून जाणं किंवा चक्कर यातलं काही असेल तर ते उंचीचंच समजा आणि तिथेच थांबा. बरं वाटेपर्यंत वर नाही. वाढत गेलं तर खाली, ३०० ते १००० मीटर उतरल्यावर बहुतेकांना फरक पडतो. बसल्या जागी धाप लागणं, किंवा सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून चालताना तोल जाणं ही धोक्याची खूण आहे. तेव्हा रात्र आहे, सकाळी बघू, असं करायचं नाही. माणसाला एकटं न सोडता लगेच खाली न्यायचं आणि डॉक्टर गाठायचा.

असेटाझोलामाइड ही गोळी प्रतिबंधासाठी देतात, मोठ्यांना साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, त्याने घाबरू नका. पण सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मुलीचा डोस वजनावर ठरतो, तोही त्यांनीच ठरवायचा.

एक गोष्ट आखणीत उपयोगी पडेल: काही ठिकाणी शहरच गावांपेक्षा उंच असतं. पेरूतलं कुस्को साधारण ३४०० मीटरवर आहे आणि जवळच्या खोऱ्यातलं ओयान्तायताम्बो २८०० च्या आसपास. तिथे जाणकार लोक उतरल्याबरोबर खाली खोऱ्यात मुक्कामाला जातात आणि शहर शेवटी बघतात. म्हणजे "आधी डोंगर की शहर" याचं उत्तर नावावरून नाही, उंचीच्या आकड्यावरून द्यायचं.

माझं स्पष्ट मत: नऊ रात्री, ज्येष्ठ आणि मूल सोबत, आणि शहरालाही चार दिवस द्यायचे, तर १२०० ते १६०० वाला पर्याय घ्या. ३००० च्या वरच्या गावांना सलग दहा-बारा दिवस द्या, ती घाईत बघण्यासारखी नाहीत.

दोनटोकं

दोघांचे खूप आभार. ४० मजल्यांचं गणित लगेच करून बघितलं. एका गावातली आवडलेली खोली थांब्यापासून १४० मीटर वर निघाली, ती रद्द. आणि खालच्या उंचीचा पर्याय पक्का केला.

अजून एक विचारते. मुलीला घाटात गाडी लागते. आणि शहराबद्दल कुणी लिहील का? रोज तीन वस्त्या हाही अंदाज चुकलाच असणार.

कंटूर

गाडी लागणं: डोळे स्थिर वस्तू बघतात आणि कान सांगतो की आपण वळतोय, या भांडणातून मळमळ येते. म्हणून पुढची जागा, नजर समोर लांब रस्त्यावर, मांडीवर फोन किंवा पुस्तक अजिबात नाही. बसमध्ये सगळ्यात मागची बाक टाळा, मागच्या चाकाच्या पलीकडे झोका सर्वांत मोठा बसतो. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळी द्यायची असेल तर निघण्याआधी अर्धा ते एक तास. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकत नाही. पर्याय असेल तर बसऐवजी रेल्वे घ्या. डोंगरी रेल्वेची वळणं बरीच मोठी असतात.

गल्लीबोळ

शहराकडे वळतो. रोज तीन वस्त्या जमतील, पण त्या फक्त ओलांडल्या जातील. जुनी वस्ती साधारण एक ते दीड चौरस किलोमीटरची असते. थांबत, डोकावत, चुकत चाललात तर वेग ताशी दोन-अडीच किलोमीटर पडतो, म्हणजे एका वस्तीला तीन तास. दिवसाला दोन ठेवा, एक सकाळी आणि एक संध्याकाळी, आणि दुपारी खोलीवर. सासूबाईंना आणि मुलीला ती दुपार लागेल, आणि खरं सांगायचं तर वस्तीलाही लागते. अकरा ते चार या वेळात जुन्या वस्त्यांत बाहेरच्यांचे जथे असतात आणि तिथले लोक आपापल्या कामावर.

कुठली वस्ती कुठल्या वेळेची ते आधी ठरवा, कारण गजबज ही जागेची असते तितकीच तासाची असते. बाजाराची वस्ती सकाळी आठ ते दहा जिवंत असते, माल उतरत असतो, नेहमीचं गिऱ्हाईक आलेलं असतं. कारागिरांची वस्ती दहानंतर, शटर वर गेल्यावर. संध्याकाळी फिरायला निघणाऱ्यांची वस्ती सूर्यास्ताच्या आधी तासभर सुरू होते. याच वस्त्या चुकीच्या वेळी बघितल्या तर तुम्हाला बंद शटरं दिसतील आणि "एवढं काही नव्हतं" असं वाटून परत याल. आठवड्याची सुट्टीही तपासा. बाजार ज्या दिवशी बंद त्याच दिवशी तिथे पोचणं ही फार नेहमीची चूक आहे.

दोन वस्त्या शेजारच्या निवडू नका, असं काही जण सांगतात, विविधता मिळावी म्हणून. मला हे पटत नाही. शेजारच्या दोन निवडा आणि एकीतून दुसरीत चालत जा. बांधकाम, पाट्या, आवाज कुठल्या रस्त्याला बदलतात ते पायाखाली कळतं. मेट्रोने एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलात तर शहर तुकड्यातुकड्यांतच दिसतं.

उताराचा प्रश्न शहरातही आहे, हे विसरू नका. अनेक जुन्या वस्त्या टेकडीवर वसलेल्या असतात. लिस्बनची अल्फामा म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. इस्तंबूलमध्ये काराक्योय ते बेयोलू हा चढ टाळण्यासाठी १८७५ पासून भुयारातून दोरावर ओढली जाणारी रेल्वे आहे, कोलंबियातल्या मेदेयीनच्या कोमुना १३ या उतारावरच्या वस्तीत २०११ मध्ये उघड्यावरचे सरकते जिने बसवले. अशी सोय असेल तर ती नकाशावर आधी खूण करून ठेवा. एरवी लोकांना मी "वर वाहनाने जा, खाली चालत या" सांगतो, पण तुमच्याकडे कंटूर यांचा नियमच लागू होतो: सासूबाईंनी सावकाश चढावं आणि उतरताना बस किंवा ट्राम घ्यावी. चालत जाण्याचे मार्ग दाखवणारे नकाशे पायऱ्यांचा वेळ सपाटीसारखाच धरतात बऱ्याचदा, त्यामुळे १० मिनिटांचे २५ होतात. जुन्या मेट्रोंत अनेक स्थानकांना लिफ्ट नसते आणि गाडी बदलताना लांब भुयारं चालावी लागतात. गुडघ्यांसाठी बस बरी, शिवाय खिडकीतून काहीतरी दिसतं.

मुक्काम कुठे? गजबजाटाच्या मधोमध नाही आणि लांबही नाही. गजबजलेल्या रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत, मेट्रो किंवा ट्रामपासून ८०० मीटरच्या आत, म्हणजे दहा मिनिटं चालत. दुपारी खोलीवर परतायचं तर हे अंतर निर्णायक आहे. रस्त्याकडची खोली नको, मागच्या अंगणाकडची मागा. मजल्याची गणना देशागणिक बदलते, कुठे तळमजला हाच पहिला, कुठे त्याच्या वरचा, आणि जुन्या इमारतीत लिफ्ट असेलच असं नाही. म्हणून "रस्त्यापासून खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या" असा प्रश्न लिहून विचारा. "लिफ्ट आहे का" विचारलं तर "हो" येतं, आणि लिफ्ट अर्ध्या मजल्यावरून सुरू होते. अभिप्राय वाचताना सर्वांत नवे आधी लावा आणि आवाज, पायऱ्या, पाणी एवढे तीनच शब्द शोधा. गुणांची सरासरी बघून काही कळत नाही.

पाकीटमारीबद्दल थोडक्यात. ती वस्तीत सगळीकडे होत नाही, अरुंद जागी होते: गाडीचं दार बंद होतानाचा क्षण, सरकत्या जिन्याचं वरचं टोक, रस्त्यावरच्या खेळाभोवतीचं कोंडाळं. पिशवी पुढे, भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर, रस्त्याच्या बाजूला नाही, कारण दुचाकीवरून ओढतात. रस्त्याकडच्या टेबलावर फोन ठेवायचा नाही. कुणी अंगावर डाग पडला सांगून पुसायला आलं, सहीसाठी कागद पुढे केला, मनगटात दोरा बांधायला लागलं, तर न थांबता पुढे चाला. कार्डं दोघांकडे वेगवेगळी, एक खोलीवर. मुलीच्या खिशात मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला कागद असू द्या.

दिवसाचा पास घ्यावा का हे गणिताने ठरतं. पासाची किंमत भागिले एका फेरीचं भाडं. उत्तर चार आलं आणि तुम्ही दिवसाला दोनदाच बसणार असाल तर सुटी तिकिटं घ्या. मुलांना आणि ज्येष्ठांना वेगळी सवलत असते, ती पासात धरलेली नसेल तर पास महागच पडतो.

पाठपिशवी

सामानाचं उत्तर तुमच्या आराखड्यातच आहे. पहिली रात्र आणि शेवटच्या चार रात्री एकाच हॉटेलात घ्या आणि मोठ्या बॅगा तिथेच ठेवून डोंगरात जा. परत येणाऱ्या पाहुण्याचं सामान बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात, पण नोंदणी करतानाच लेखी विचारून ठेवा. नाहीतर स्टेशनवरचे लॉकर. त्यांना तासांची कमाल मर्यादा असते आणि ती चार दिवसांपेक्षा कमी असू शकते.

डोंगरातल्या चार रात्रींना मोठ्या माणसाला ३० ते ४० लिटरची सॅक पुरते. कपडे थरांचे: अंगालगत लवकर वाळणारा, त्यावर लोकरी किंवा फ्लीस, वर पाऊस-वारा अडवणारं जाकीट. सुती बनियन घामाने ओला झाला की वाळत नाही आणि वाऱ्यात गारठवतो. उंचीने किती थंडी वाढेल याचा अंदाज: दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश कमी. शहर १०० मीटरवर असून तिथे २४ अंश असतील तर १६०० मीटरवरच्या गावात १४ च्या आसपास. वर केबल कारने २६०० ला गेलात तर आणखी ६-७ कमी, वारा वेगळा. ऊन मात्र वर जास्त भाजतं, अतिनील किरणं दर १००० मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताज्या बर्फावरून बरीचशी परत उसळतात. गारव्यामुळे कळत नाही, रात्री चेहरा जळजळतो. गॉगल मुलीलाही हवा.

चाकांच्या बॅगेबद्दल: जुन्या वस्तीच्या दगडी फरशीवर चार छोट्या चाकांची बॅग अडकते, चाक तुटतं. दोन मोठ्या चाकांची तिरकी ओढायची बॅग टिकते.

फोनची बॅटरी थंडीत लवकर संपल्यासारखी दाखवते, आतल्या खिशात ठेवा. गोठणाऱ्या थंडीत बाहेर चार्जिंग करू नका. नकाशे शहरातच उतरवून घ्या. दरीत नेटवर्क गेलं तरी फोनला उपग्रहावरून जागा कळते, फक्त नकाशा आत असला पाहिजे. गावात पैसे काढायचं यंत्र असेलच असं धरू नका, तीन दिवसांची रोकड शहरातून न्या, त्यात सुट्टे वेगळे.

सावलीतला_चौक

सगळं आलं, तिथे राहणाऱ्यांचं राहिलं. चौकटीत सुंदर दिसणारं दार कुणाच्या तरी घराचं असतं. ऑस्ट्रियातलं हालस्टाट जेमतेम आठशेच्या आसपास वस्तीचं गाव. गर्दीच्या दिवसांत तिथे हजारोंनी लोक येतात. २०२३ मध्ये फोटोच्या प्रसिद्ध जागी काही काळ लाकडी कुंपण उभं केलं होतं. दक्षिण कोरियातल्या सोलच्या बुकचोन या जुन्या घरांच्या वस्तीत २०२४ च्या नोव्हेंबरपासून संध्याकाळी ५ ते सकाळी १० ठरावीक गल्ल्यांत बाहेरच्यांना बंदी आहे, आणि २०२५ च्या मार्चपासून दंडही. जपानमधल्या क्योतोच्या गिओन या जुन्या वस्तीत खासगी गल्ल्यांत शिरायला मनाई आहे. म्हणजे वरती "सकाळी लवकर जा" असा जो सल्ला आहे तो बाजारपेठेला आणि हमरस्त्याला लागू. राहत्या गल्लीत सकाळी सातला चौघांनी बोलत फिरणं म्हणजे कुणाच्या उशाशी बोलणं. गल्लीच्या तोंडाला पाटी असते, ती वाचा. चाकांची बॅग रात्री दहानंतर उचलून न्या.

माणसांचा फोटो विचारून. लांबून झूम करून काढणं हा विचारण्याला पर्याय नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. डोंगरात गवताच्या कुरणातून आडवं चालू नका, तो गुरांचा हिवाळ्याचा चारा असतो आणि तुडवलेलं गवत कापता येत नाही. फाटक उघडलंत तर मागे लावा.

दोनटोकं

आराखडा असा बदलला. शहर १ रात्र, गाव पहिलं २, गाव दुसरं २, शहर ४. दोन्ही गावं मधल्या उतारावर, थांब्यापासून चढ २० मीटरच्या आत. शहरात दोन वस्त्या, सकाळ आणि संध्याकाळ, दुपार खोलीवर. बॅगा शहरातच; हॉटेलला लिहिलं, होकार आला. पावसाने किंवा दरड पडून घाट बंद झाला तर काय, एवढंच राहिलंय.

कंटूर

त्यासाठीच शेवटच्या रात्री शहरात आहेत. चार रात्रींतली एक डोंगराने खाल्ली तरी परतीचं विमान चुकत नाही. म्हणून डोंगरातून परतल्यावर शहरातल्या पहिल्या दिवसासाठी आगाऊ तिकिटं काढू नका, दुसऱ्यापासून काढा.

हवामान बघताना गावाची उंची भरून अंदाज बघा; खालच्या शहराचा अंदाज वरती लागू पडत नाही. केबल कार असेल त्या ठिकाणी वरच्या स्थानकाचा थेट कॅमेरा बऱ्याचदा असतो, वर निघण्याआधी तो बघा. ढगात शिरायचं तिकीट वाचतं. गडगडाट ऐकू आला की उघडा कडा, एकटं झाड, पाण्याची कड सोडायची. वीज चमकणं आणि आवाज यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. जोराच्या पावसात ओढा ओलांडायचा नाही, वाट पलीकडे दिसत असली तरी.

आणि दुसऱ्या गावाला केबल कार असेल तर ती तुमच्या तारखांना चालू आहे का, हे खोलीचे पैसे भरण्याआधी आजच बघा.